बोस्नियातील जन्माची गादी

1995 साली डेटन येथे तह ठरून बोस्नियातील रक्तपात थांबला, हे ठीकच झाले. परंतु त्याच तहातील राज्यघटनेने राष्ट्राध्यक्षपदाच्या तीन जागा बोस्नियाक, क्रोएट व सर्ब यांस वाटून दिल्या. रोमा, यहुदी आदिकरून बाकीच्यांनी मत तेवढे द्यावे. उभे राहण्यास मज्जाव! हजेरीपटात नाव, पण परीक्षेस बंदी! सेयदिच व फिंत्सी यांनी दाद मागितली; 2009 साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हा भेदभाव बेकायदा ठरविला. तरी 2022 ची निवडणूक जुन्याच कलमाने उरकली. शांततेसाठी हे हवे, म्हणे! ज्यांच्या नावाने युद्ध पेटले नाही, त्यांनीच दंड का भरावा? राखीव जागा दुबळ्यांस वर आणण्यासाठी असतात. येथे बलिष्ठांनीच त्या बळकाविल्या. याला लोकशाही म्हणण्यास आम्ही तयार नाही.