बाबांचा फोन

दिवाळीची साफसफाई म्हणजे घरातल्या जुन्या वस्तूंची परीक्षाच! यंदा आमच्या कपाटातून निघाला बाबांचा ‘मोटो ई’. २०१४ च्या मे महिन्यात तो भारतात आला, तेव्हा किंमत होती ६,९९९ रुपये. बाबांनी पेन्शनमधून घेतला आणि दोन वर्षांपूर्वी ते गेले तोवर तोच वापरला.

“पुढे कॅमेरा नाही, मागच्याला फ्लॅश नाही, आणि साठवण अवघी चार जीबी!” चिरंजीवांनी निकाल दिला. “द्या भंगारात!”

आम्ही म्हटले, “अरे, निराळे कार्ड घालायची सोय आहे, दोन सिम चालतात. बाबांच्या हातून कितीदा पडला, पण काचेला तडा नाही!” पण चिरंजीवांचे समाधान होईना.

इतक्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. “त्यात रेडिओ आहे,” ती म्हणाली, “आणि त्याला इंटरनेट लागत नाही.”

तासभर चार्जिंगला लावताच फोन सुरू झाला. इअरफोनची वायर हीच त्याची एरियल. ती जोडली आणि विविध भारती लागली. सकाळच्या चहाला एक टोक बाबांच्या कानात असे, दुसरे आईच्या. आज एक टोक नुसतेच लोंबत होते.

चिरंजीव मुकाट्याने आजीशेजारी बसले आणि ते त्यांनी आपल्या कानात घातले.

वाचकहो, जुना फोन टाकण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा बरे!