कर्नल साइक्सची दख्खन

कर्नल विल्यम हेन्री साइक्स यास दख्खनच्या प्राणिशास्त्राचा जनक ठरविण्यापर्यंत कित्येकांची मजल जाते. ही पदवी आम्हांस मान्य नाहीं. साइक्सची दख्खन म्हणजे पुणें, अहमदनगर, खानदेश व धारवाड हे कंपनी सरकारचे चार जिल्हे. नांदेड आणि लातूर तेव्हां निजामाच्या राज्यांत होतीं. त्या राज्यांतील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी सलीम अली यांनीं 1931-32 सालीं केली. म्हणजे साइक्सची पक्ष्यांची यादी 1832 सालीं प्रसिद्ध झाल्यावर शंभर वर्षांनीं! ज्यानें मराठवाडा तपासलाच नाहीं, त्याच्या यादीवर मराठवाड्यानें विसंबावें काय?

बरें, जें तपासलें त्यांत तरी सर्व नवें होतें काय? 1831 सालीं त्यानें कोळसुंद्यास 'दख्खनचा कुत्रा' अशा अर्थाचें नवें लॅटिन नांव दिलें. पण पॅलसनें त्या जातीचें वर्णन 1811 सालींच करून ठेविलें होतें. ज्या रातव्यास त्यानें मराठ्यांचें नांव चिकटविलें, तो इकडे केवळ हिंवाळ्याचा पाहुणा. त्याचीं घरटीं सिंधकडे.

तथापि एका गोष्टीबद्दल साइक्सला मान द्यावाच लागेल, आणि आश्चर्य हें कीं त्याचे भक्त नेमकी तीच विसरतात. 1839 सालच्या त्याच्या मत्स्यवर्णनांत शिंगटी, बोगट, कोळस हे मराठी शब्द लॅटिनच्या पंक्तीस बसले आहेत. मासा भीमेच्या खोऱ्यांतला, शब्द जाळें टाकणाऱ्याचा. शास्त्राच्या रिवाजाप्रमाणें पुढें मात्र 'साइक्स, 1839' एवढेंच लागतें. वर्णन लिहिणें हें श्रमाचें काम आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण वर्णन करणारा आणि ओळखणारा हे दोघे एकच, असें कोणीं सांगितलें?

2016 सालीं लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. मांजरा धरण आटण्यापूर्वीं त्यांत कोणते मासे होते, हें कोणी साइक्सच्या ग्रंथांत शोधूं लागेल तर त्यास भीमेचे मासे सांपडतील. मांजरेचे मासे तिच्या कांठच्या भोयांस विचारावे लागतील. आमच्या प्राणिशास्त्राच्या अध्यापकांस आमची मागणी एवढीच, कीं गोदावरी-मांजरेच्या माशांची यादी करतांना लॅटिन नांवाशेजारीं भोयाच्या तोंडचा शब्द लिहावा, व तो कोणत्या गांवीं कोणाकडून ऐकला हेंही लिहावें.