विश्लेषण : जर्मनीत ऐन नाताळात सगळे बंद का असते? नव्याने गेलेल्यांनी काय लक्षात ठेवावे?

अड्याळ (ता. पवनी) : मुलगा किंवा मुलगी परदेशी असली की डिसेंबरात घरच्यांचा फोनवरचा प्रश्न ठरलेला असतो, ‘तिकडे नाताळ आहे, मग मजा असेल?’ जर्मनीपुरते बोलायचे तर उत्तर तारखेवर अवलंबून आहे. २३ डिसेंबरपर्यंत हो. २४च्या दुपारनंतर बहुधा नाही.

जर्मनीची चर्चा आताच का?

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. परिचारिका, वीजतंत्री, चालक, स्वयंपाकी अशा कामांसाठी पहिल्या टप्प्यात १० हजार जणांचे उद्दिष्ट ठेवले गेले. योजनेची गती हा वेगळा विषय. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसांची वार्षिक मर्यादा २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे जाहीर केले. तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांमध्येही आता भारतीय पहिल्या क्रमांकावर आहेत. म्हणजे दर डिसेंबरात कुणाचा तरी तिथला पहिलाच नाताळ असतो.

मंडईसारखा बाजार, पण सण घरात

नोव्हेंबरअखेरीस चौकाचौकात लाकडी दुकाने लागतात. दिवे, भाजलेले बदाम, ‘ग्लूवाइन’ म्हणजे मसाले घातलेली गरम वाइन. न पिणाऱ्यांसाठी ‘किंडरपुन्श’ हे फळांच्या रसाचे गरम पेय मिळते. कपासाठी अनामत घेतात, कप परत केला की पैसे परत. दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगाव भरणाऱ्या मंडईची आठवण यावी असे हे वातावरण. दंडार तेवढी नसते!

गल्लत इथेच होते. मंडईच्या दिवशी आपल्याकडे पाहुणे येतात, ओळखीचे-अनोळखी सगळे रस्त्यावर असतात. जर्मनीत बाजार ही सणाची तयारी आहे, सण नव्हे. बहुतेक बाजार २३ किंवा २४ डिसेंबरला उठतात. मुख्य क्षण २४ची संध्याकाळ, ‘हाइलिगआबेंड’. तो घरात, कुटुंबासोबत साजरा होतो. जेवणही अनेक घरांत साधेच, बटाट्याचे सॅलड आणि सॉसेज. महिनाभर हसून बोलणारा सहकारी त्या संध्याकाळी बोलावत नाही, यात अपमान नसतो. तिथे तशी रीत नाही, एवढेच. बोलावले तर मात्र ते सहज म्हणून टाकलेले आमंत्रण नव्हे. जरूर जावे आणि वेळेवर जावे.

किराणा आधी भरा

२४ डिसेंबर ही कायद्याने सार्वजनिक सुट्टी नाही, पण बहुतेक राज्यांत दुकाने दुपारी दोनपर्यंत बंद करावी लागतात. २५ आणि २६ला देशभर सुट्टी. रविवारी दुकाने एरवीही बंदच. २०२६ चे गणित पाहा : २४ गुरुवारी, २५ शुक्रवारी, २६ शनिवारी आणि २७ रविवारी. म्हणजे गुरुवारी दुपारी बंद झालेले दुकान सोमवारी सकाळीच उघडेल. मोठी रेल्वे स्थानके, विमानतळ आणि पेट्रोल पंपांवर थोडेफार मिळते, महाग. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला याचा फटका सर्वाधिक, कारण सोबतचे जर्मन विद्यार्थी घरी गेलेले असतात.

पाळी घ्यावी का?

रुग्णालये आणि वृद्धाश्रम सुरूच असतात. नव्या परिचारिकेला सुट्टीची पाळी लावली की अन्याय वाटतो, पण पैशाची बाजू तपासावी. २४च्या दुपारी दोनपासून आणि २५, २६ला केलेल्या कामासाठी मूळ तासिका वेतनाच्या १५० टक्क्यांपर्यंतचा जादा भत्ता ठरावीक मर्यादेत करमुक्त असतो. अट एकच, मालकाने तो द्यायला हवा. कायदा फक्त करात सूट देतो, भत्ता द्यायला लावत नाही. म्हणून नोकरीच्या करारात काय लिहिले आहे, ते आधी वाचावे. नाताळच्या बोनसचेही तसेच. तो हक्क करारातून येतो, आणि काही करारांत ठरावीक काळात नोकरी सोडल्यास रक्कम परत करण्याची अट असते.

सुरक्षिततेचे काय?

२० डिसेंबर २०२४ रोजी माग्डेबुर्ग येथील नाताळ बाजारात मोटार घुसवण्यात आली. सहा जणांचा मृत्यू झाला, तीनशेहून अधिक जखमी झाले. जखमींत सात भारतीय होते. संशयित मूळचा सौदी अरेबियाचा आणि अनेक वर्षे जर्मनीत राहणारा डॉक्टर. त्यानंतर त्या शहरात परक्या दिसणाऱ्यांना त्रास वाढल्याच्या तक्रारी स्थलांतरितांच्या संघटनांनी केल्या. स्वतः बळी ठरलेल्यांकडेच संशयाने पाहिले जावे, हा यातला सर्वात बोचरा भाग. आता बाजारांभोवती काँक्रीटचे अडथळे आणि पोलीस दिसतात, त्यामुळे घाबरून जाणे टाळण्याची गरज नाही.

फोन कधी करायचा?

हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. तिथे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा अड्याळात रात्रीचे साडेदहा. तिकडे मात्र साडेचारलाच अंधार पडलेला असतो आणि रस्ते रिकामे. घरचे झोपण्याच्या तयारीत असतात, नेमकी त्याच वेळी तिकडे घराची आठवण येते. २४ला थोडे जागून फोन घ्यावा. चर्चमधील त्या संध्याकाळची प्रार्थना कोणत्याही धर्माच्या माणसाला खुली असते. अनेक जण केवळ गाणी ऐकायलाही जातात.

आपल्याला ओळखीचा वाटणारा गोंगाट ३१ डिसेंबरला होतो. फटाक्यांची विक्री सर्वसाधारणपणे २९ ते ३१ या तीनच दिवसांत आणि मध्यरात्री अख्खे शहर रस्त्यावर. बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये असाल तर ६ जानेवारीलाही सुट्टी असते. दूध-भाजी ५ तारखेलाच आणावी.