भरमार बंदूक आणि कुंपणाची तार

वर्धा जिल्ह्यात भरमार बंदुकीचा विषय निघतो तो बहुधा जप्तीच्या बातमीतून, आणि गुन्हा दाखल झाला की तिथेच संपतो. ही बंदूक मुळातच बेकायदा, असा समज त्यातून रूढ झाला आहे. वस्तुतः शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी तोंडाकडून ठासायच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. कोकणात जिला ठासणीची बंदूक म्हणतात, तीच ही. बेकायदा ठरते ती विनापरवाना गावठी भरमार.

परवाना मिळतो तो शस्त्राचा, शिकारीचा नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार पिकाची नासाडी करणारा प्राणी मारण्यासही लेखी परवानगी लागते. राज्य शासनाने २०१५ मध्ये रोही व रानडुकरांपुरती ही प्रक्रिया सुलभ केली आणि अर्जावर २४ तासांत निर्णय देण्याचे ठरविले. पण परवानगी मिळाली तरी बार कोणी काढायचा? परवान्याची बंदूक किती शेतकऱ्यांच्या घरी आहे? कळप रात्री शिरतो. सकाळी उभ्या तुरीची रया गेलेली असते.

गावठी भरमारीत दारू नळीच्या तोंडातून ओतायची, चिंधीचा बोळा ठासायचा, वर छर्रे. एकच बार, दुसऱ्यासाठी पुन्हा सारा खटाटोप. जखमी जनावर तोवर झुडपात नाहीसे होते. काडतूस नसल्याने पुंगळी मागे राहत नाही आणि नळीत आटे नसल्याने छर्‍यांवर खूणही उमटत नाही. तपास अवघड करणारी ही सोय मांसासाठी शिकार करणाऱ्यांच्या पथ्यावर पडते. त्यांची गय करण्याचे कारण नाही. परवानगीने मारलेला प्राणीही शासनाचीच मालमत्ता ठरतो. तेव्हा पीकरक्षण आणि मांसाचे वाटे यांतील सीमारेषा कायद्याने पुरेशी ठळक केली आहे.

तथापि केवळ बंदुका जप्त केल्याने पीक वाचत नाही. ब्रह्मपुरी परिसरातून पकडून जुलै २०१७ मध्ये बोर व्याघ्र प्रकल्पात सोडलेली वाघीण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जिल्ह्यातील सिंदीविहिरी शिवारात मरण पावली. माणसांवरील हल्ल्यांमुळे तिला ठार करण्याचा आदेश निघाला होता आणि पथके मागावर होती. तिचा जीव मात्र घेतला तो शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने. बंदूकधारी निदान समोर काय आहे ते पाहू शकतो. तारेला डुक्कर, वाघ आणि पहाटे शेताकडे निघालेला माणूस सारखेच.

पीकरक्षणासाठी परवान्याचे अर्ज किती आले, किती मंजूर झाले आणि किती कोणत्या कारणाने फेटाळले, याची तालुकावार माहिती जिल्हा प्रशासनाने खरिपाच्या पेरणीपूर्वी जाहीर करावी.