कागदावरची मोकळी जागा

पडघा-आमणे पट्ट्यात मोकळ्या जागेचा भाव कोणालाही विचारा, गुंठ्यावारी सांगेल. भिवंडीची गोदामे इकडे सरकली, ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा आमण्यापर्यंत खुला झाला आणि जमिनीमागोमाग कागदही आले: फेरफारावरच्या हरकती, भाडेकरार, माहितीचे अर्ज. या कागदांवरची मोकळी जागा मात्र कोणी मोजत नाही, कारण ती कोणी ठरवूनही सोडलेली नसते. ती सोडतो हे कागद टाइप करण्याचा वर्ड हा प्रोग्रॅम. त्याच्या २००३ पर्यंतच्या आवृत्त्यांत परिच्छेदाखाली आपोआप जागा सुटत नसे. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने १० पॉइंट सोडायला सुरुवात केली आणि ओळींमधले अंतर १.१५ केले. २०१३ पासून हे आकडे ८ आणि १.०८ झाले. निर्णय अमेरिकेत झाला, अंमलबजावणी तहसीलदारांच्या नावे होणाऱ्या प्रत्येक अर्जात होते. वर्डच्या लेखी एंटर दाबला की परिच्छेद संपला. म्हणजे ‘प्रति’ हा एक परिच्छेद, ‘मा. तहसीलदार’ दुसरा, ‘भिवंडी’ तिसरा. विषय, संदर्भ, महोदय असे करत दहा एंटर झाले की ८० पॉइंट गेले. ७२ पॉइंटांचा एक इंच होतो, तेव्हा गाऱ्हाणे सुरू होण्याआधीच इंचभराहून अधिक कागद संपलेला असतो. त्यात टायपिंगवाला सवयीने दोनदा एंटर दाबतो आणि शेवटी दुसऱ्या पानावर ‘आपला विश्वासू’ आणि सही एवढेच उरते. त्या पानाचेही पैसे पडतातच. माहिती अधिकारात प्रतीसाठी पानाला २ रुपये द्यावे लागतात आणि पान भरलेले आहे की रिकामे, याची चौकशी नियम करत नाही.

यावर कोणी म्हणेल, मोकळी जागा म्हणजे उधळपट्टी नव्हे, तिच्यामुळे वाचणे सोपे होते. बरोबर आहे. देवनागरीला तर वेलांटी, रफार आणि उकारासाठी ओळीच्या वर-खाली ऐसपैस जागा लागतेच. पण ती गरज ओळीची आहे, पत्त्यातल्या दोन ओळींच्या मधली नव्हे. आणि मंगल फाँटची ओळ मुळातच उंच असल्याने त्यावर इंग्रजी पत्राच्या मापाने आणखी अंतर चढवण्याचे कारण दिसत नाही. मराठी पुस्तके परिच्छेदाची पहिली ओळ थोडी आत घेऊन परिच्छेद वेगळे दाखवण्याचे काम इतकी वर्षे करत आली आहेत. सैल मांडणी हवी असेल तर ती विचारपूर्वक ठरवावी, एवढेच म्हणणे आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० च्या परिपत्रकात तसेच केले: ए-४ कागद, दोन्ही बाजूंनी छपाई, १४ चा टाइप, ओळींत दीडपट अंतर. अंतर चांगले ऐसपैस आहे, पण ते न्यायालयाने ठरवलेले आहे. आता सगळे ऑनलाइन होणार, मग कागदाची चिंता कशाला, हा दुसरा आक्षेप. ऑनलाइन अर्जाची प्रिंट काढून वर शिक्का मागणारी खिडकी बंद झाली की त्याचा जरूर विचार करू.

हे टायपिंगवाल्याला जमणार नाही, असेही कोणी समजू नये. परिच्छेदाची चौकट उघडायची, खालचे अंतर शून्य करायचे, ‘सेट ॲज डिफॉल्ट’ दाबायचे आणि पुढच्या सगळ्या फाइलींसाठी हो म्हणायचे. पत्त्यापुरते करायचे तर शिफ्ट धरून एंटर दाबला तरी पुरे. इतके सोपे काम अडते ते अज्ञानामुळे कमी आणि यंत्राने दिले ते नियमानेच दिले असणार, या सरकारी श्रद्धेमुळे अधिक. ठाणे जिल्हाधिकारी कार्यालयाने अर्ज, नोटीस आणि पत्राचे मराठी मापाने बसवलेले तयार नमुने संकेतस्थळावर ठेवावेत. पडघ्यातल्या टायपिंगवाल्यांनी मात्र त्यांची वाट न पाहता आजच आपल्या संगणकावरचे ते ८ पॉइंट काढून टाकावेत.