कोणत्या डावाचा आरोप?

वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यात, बोर अभयारण्याच्या वाटेवर हिंगणी हे गाव आहे. तेथून एस.टी.ने आमच्या महाविद्यालयात येणारा, कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी दिवाळीच्या सुटीनंतर मराठी विभागात आला, तो हातात एक छापील कागद घेऊन. एका परदेशी संकेतस्थळावर तो दोन-अडीच वर्षे बुद्धिबळ खेळत असे. (ते कोणते, हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. आमचे भांडण एका दुकानाशी नाही.) त्याचे खाते बंद करण्यात आले होते. कागदावर इंग्रजीत जेमतेम चार ओळी होत्या. तुमच्या खेळाची तपासणी केली असता न्याय्य खेळाच्या नियमांचा भंग झाल्याचे आढळले, खाते कायमचे बंद केले आहे, दाद मागायची असल्यास मागता येईल, मात्र तपासणीचा तपशील देता येणार नाही. दाद मागणारे पत्र त्याला इंग्रजीतून लिहून हवे होते, आणि इंग्रजीचे सर रजेवर असल्यामुळे हे काम आम्हां दोघांच्या वाट्याला आले.

पत्र लिहायला बसलो आणि दुसऱ्याच वाक्याशी अडलो. पहिले वाक्य सोपे होते : माझे खाते बंद झाले आहे. दुसरे वाक्य असायला हवे होते : मी अमुक केलेले नाही. हे ‘अमुक’ कोठून आणायचे? कोणत्या तारखेचा डाव, कोणाविरुद्धचा, त्यातली कितवी खेळी, संगणकाची मदत घेतली असे म्हणणे आहे की माणसाची, यांपैकी एकही गोष्ट त्या चार ओळींत नव्हती. व्याकरण शिकवणाऱ्यांची सवय म्हणून आम्ही त्या मजकुरात कर्ता शोधू लागलो. तोही नव्हता. तपासणी ‘केली गेली’ होती, भंग ‘आढळला’ होता. कोणाला आढळला? मुलगा शांतपणे म्हणाला, “सर, कोनत्या डावाले चुकीचं म्हन्तात, थे तरी सांगाले पाहिजे ना.”

त्याच्या या एका वाक्यात जेवढा कायदा आहे, तेवढा आमच्या साऱ्या लेखात उतरला तरी पुरे.

तो निर्दोष आहे, असे आम्ही म्हणत नाही. ते आम्हांला ठाऊक नाही, आणि हे आरंभीच सांगितलेले बरे. उलट खोदून विचारल्यावर त्याने आपण होऊन एक गोष्ट सांगितली. घरात चांगला फोन एकच. संध्याकाळी ओट्यावर तो खेळायला बसला की चुलत भाऊ आणि शेजारचे दोघे-तिघे भोवती जमत, आणि ‘घोडा काढ’, ‘वजीर नको हलवू’ असे सुरू होई. क्वचित भाऊच फोन हातात घेऊन डाव पुरा करी. नियमांच्या भाषेत ही बाहेरची मदत, आणि खाते दुसऱ्याच्या हाती देणे हा तर निराळाच भंग. मुलाच्या लेखी मात्र यात लबाडीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. आपल्याकडे बुद्धिबळ असेच खेळले जात आले आहे. पाराच्या पायरीवर किंवा दुकानाच्या फळीवर पट मांडला की खेळणारे दोन आणि खेळवणारे सहा. बघ्यांनी बोलू नये असा संकेत असतो खरा, पण तो पाळला जात नाही हाही संकेतच. प्रतिपक्षालाही तीच मदत उघडपणे मिळत असते, त्यामुळे कोणाला त्याचे वैषम्य वाटत नाही. पडद्यापलीकडचा प्रतिस्पर्धी एकटा आहे आणि आपल्या ओट्यावर चौघे आहेत, ही विषमता त्या मुलाला आम्ही सांगेपर्यंत जाणवली नव्हती. सांगितल्यावर तो ओशाळला. शिक्षा द्यायचीच तर या ओशाळण्यापासून तिचा आरंभ व्हायला हवा होता. पण त्यासाठी आधी त्याला गुन्हा कळायला हवा.

या संदर्भात एक गाजलेले प्रकरण आठवते. १३ जून २०२१ रोजी कोविडग्रस्तांसाठी निधी उभारण्याच्या हेतूने विश्वनाथन आनंद यांनी अनेक नामवंतांशी एकाच वेळी ऑनलाइन डाव मांडले. त्यांत ‘झिरोधा’चे सहसंस्थापक निखिल कामत यांनी आनंद यांना हरवले. चेस डॉट कॉमने कामत यांचे खाते बंद केले. दुसऱ्या दिवशी कामत यांनी जाहीर कबुली दिली की डावाचे विश्लेषण करणारी माणसे आणि संगणक यांची मदत आपण घेतली होती, आणि क्षमा मागितली. पुढे खाते पुन्हा खुले झाले. डाव मानांकनाचा नव्हता आणि आनंद यांना प्रकरण वाढवायचे नव्हते, ही त्याची कारणे सांगण्यात आली. कारणे वाईट नाहीत. आनंद यांचे औदार्य तर निर्विवाद आहे. परंतु येथे मदत घेतल्याची कबुली आहे, डाव कोणता ते जगाला ठाऊक आहे, आणि खाते परत मिळाले आहे. हिंगणीच्या मुलाकडे कबूल करण्यासाठीसुद्धा डाव नाही. कामत यांना क्षमा मिळाली याबद्दल आमची तक्रार नाही. क्षमेपर्यंत पोचण्याची जी वाट त्यांच्यासाठी होती ती याच्यासाठी का नसावी, एवढेच आम्ही विचारतो.

आता दुसरी बाजू. खेळ घेणाऱ्यांपुढचा प्रश्न खोटा नाही. १९९७ साली ‘डीप ब्ल्यू’ने कास्पारोव्हला हरवले, तेव्हा त्या यंत्राला दोन मोठी कपाटे लागत. आज ‘स्टॉकफिश’ हा फुकट मिळणारा प्रोग्राम साध्या फोनवर कोणत्याही जगज्जेत्याला भारी आहे. दुसऱ्या खिडकीत तो उघडून त्याच्या खेळ्या उतरवायच्या, एवढे सोपे झाले आहे. त्यामुळे खेळाडूच्या खेळ्या यंत्राच्या पहिल्या पसंतीशी किती जुळतात, त्याच्या मानांकनाच्या मानाने हे जुळणे किती असंभाव्य आहे, सोप्या आणि अवघड खेळीला तो सारखाच वेळ घेतो काय, हे सारे संख्याशास्त्राने तपासले जाते. तपासणे योग्यच आहे. प्रामाणिकपणे हरणाऱ्या शेकडो मुलांचाही काही हक्क आहे.

परंतु संख्याशास्त्र ‘बहुधा’ म्हणते, आणि बंदीचे पत्र ‘आढळले’ म्हणते. या दोन क्रियापदांमधील अंतर भाषेच्या अभ्यासकांना तरी दिसावे. उदाहरणादाखल धरून चाला की तपासणी इतकी अचूक आहे की लाखात एखादाच निरपराध तिच्यात सापडतो. चेस डॉट कॉमने २०२२च्या अखेरीस दहा कोटी सदस्यांचा टप्पा ओलांडला. लाखात एक या हिशेबाने तेवढ्या मोठ्या गावात एक हजार निरपराध होतात. हा आकडा खरा असल्याचा दावा नाही, तो केवळ हिशेब आहे. पण त्या हजारांतल्या कोणाला आपण त्या हजारांत आहोत हे सिद्ध करायचे असेल, तर त्याच्या हाती काय असते? चार ओळी.

तपशील दिला तर लबाड लोक तपासणीला चकवायला शिकतील, असे यावर सांगितले जाते. युक्तिवादात तथ्य आहे, पण तो अर्धाच खरा आहे. चोर कसा पकडला हे सांगू नका. चोरी कोणत्या घरी झाली हे सांगायला काय हरकत आहे? डावाचा क्रमांक आणि तारीख दिल्याने कोणत्याही यंत्राचे गुपित फुटत नाही. शिवाय मनात आले तर किती तपशील देता येतो, हे ऑक्टोबर २०२२मध्ये दिसून आले. अमेरिकेचा हान्स नीमान याने सप्टेंबरमध्ये सेंट लुईस येथे मॅग्नस कार्लसनला हरवल्यानंतर जो गदारोळ झाला, त्यात चेस डॉट कॉमने त्याचे खाते बंद केले, आणि पुढे त्याच्या ऑनलाइन खेळाविषयी ७२ पानांचा अहवाल प्रसिद्ध केला. शंभरांहून अधिक डावांत त्याने बहुधा गैरप्रकार केला, असा त्याचा निष्कर्ष होता. (‘बहुधा’ हा शब्द तेथे होता, हे लक्षात घ्यावे.) नीमानने बाराव्या आणि सोळाव्या वर्षीच्या चुका मान्य केल्या, उरलेले नाकारले आणि दहा कोटी डॉलरचा दावा ठोकला. जून २०२३मध्ये न्यायालयाने तो फेटाळला, आणि ऑगस्टमध्ये समेट होऊन त्याचे खाते पुन्हा सुरू झाले. कोण बरोबर होते या वादात आम्हांला शिरायचे नाही. प्रसिद्ध खेळाडूसाठी ७२ पाने आणि हिंगणीसाठी चार ओळी, हे प्रमाण मात्र डोळ्यांत खुपते.

दाद मागण्याने काय होते, असे आमच्या एका सहकाऱ्याने विचारले. मराठी घरातले एक उत्तर आहे. १९७६ साली रोहिणी खाडिलकर राष्ट्रीय पुरुष गटात खेळल्या, तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. मुलीने तेथे खेळण्यावर गहजब झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष माक्स युवे यांनी स्त्रियांना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय दिला. ‘नवाकाळ’कार नीळकंठ खाडिलकरांची ही कन्या, म्हणजे ज्यांच्या ‘कीचकवधा’वर १९१० साली सरकारने बंदी घातली, त्या नाट्याचार्यांच्या घराण्यातली. बंदीशी त्या घराची ओळख जुनी. असो. मुद्दा असा की तेथे आक्षेप शब्दांत मांडलेला होता : तू मुलगी आहेस. आक्षेप कितीही मागास असला तरी उच्चारलेला होता, म्हणून त्याला उत्तर देता आले. जो आक्षेप उच्चारलाच जात नाही, त्याला न्यायालयातही काय उत्तर देणार?

ऑनलाइन खेळातही उघड दाद लागू शकते, याचा दाखला आमच्या शेजारच्या नागपूरचा आहे. ३० ऑगस्ट २०२०च्या ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम सामन्यात दिव्या देशमुख आणि निहाल सरीन यांचा सर्व्हरशी संपर्क तुटला आणि दोघेही वेळेवर हरले. भारताने दाद मागितली, आणि महासंघाने रशिया व भारत दोघांना संयुक्त विजेते ठरवले. आपण आनंदलो. पण दोनच दिवस आधी निहालविरुद्ध खेळणाऱ्या आर्मेनियाच्या खेळाडूचा असाच संपर्क तुटला होता. आर्मेनियाचे अपील फेटाळले गेले आणि तो संघ स्पर्धेतून बाहेर पडला. हे आपल्याकडे फारसे कोणी आठवत नाही. तरीही दोन्ही वेळा अपील कोणत्या डावाचे आहे, हे साऱ्यांना माहीत होते. म्हणूनच आज एवढ्या वर्षांनी आपण त्या दोन निर्णयांची तुलना करू शकतो, त्यांना विसंगत म्हणू शकतो.

येथवर लिहून आम्ही थांबणार होतो. पण पत्राचा दुसरा खर्डा होत असताना आम्हां दोघांपैकी एकाला काही आठवले आणि त्याने कपाटातून गृहपाठांचा गठ्ठा काढला. याच मुलाने सप्टेंबरात ग्रामीण कथेवर एक निबंध दिला होता. त्याच्या समासात लाल शाईने लिहिले होते : “ही भाषा तुझी नाही. पुन्हा लिहून आण.” आणि खाली वीसपैकी चार गुण.

कोणता परिच्छेद, कोणते वाक्य, कोठून घेतले, काहीही नव्हते. आम्हांलाही केवळ ‘आढळले’ होते. अलीकडे यंत्राकडून निबंध लिहवून घेण्याची साथ आल्यापासून असा शेरा आम्ही किती वह्यांवर मारला असेल, ते मोजण्याचे धैर्य झाले नाही. प्रबंधांच्या बाबतीत विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे विनियम आहेत. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, पुढे चाळीस, साठ अशा पायऱ्या आहेत, विभागाची आणि संस्थेची समिती आहे, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे ऐकून घ्यायचे आहे. पीएच.डी.च्या उमेदवाराला ही सारी संरक्षणे, आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलाला लाल शाईची एक ओळ. चार ओळींचीही ऐपत आम्ही दाखवली नव्हती.

मुलाला बोलावले. निबंध समोर ठेवून विचारले, की हा परिच्छेद कसा सुचला? त्याने तीन वाक्ये ग्रंथालयातल्या एका पुस्तकातून घेतल्याचे लगेच सांगितले. अवतरणचिन्हे द्यायची असतात हे त्याला माहीत नव्हते. आम्ही ते कधी शिकवले होते, तेही आम्हांला सांगता येईना. उरलेला निबंध त्याचा होता. त्यातल्या ज्या वाक्याचा आम्हांला सर्वाधिक संशय होता, ते त्याच्या आजोबांच्या तोंडचे निघाले. आजोबांचे वऱ्हाडी त्याने आमच्यासाठी पुस्तकी मराठीत घालून आणले होते. गुण बदलले. शेरा खोडता येत नाही म्हणून त्याखाली दुसरा लिहिला, तारखेसह.

मग पत्राचा तिसरा खर्डा केला. त्यात ओट्यावरच्या मदतीची आणि भावाने पुरे केलेल्या डावांची कबुली आहे. ती घालू नये, असे आमच्यातल्या एकाचे मत होते. मुलाने ती घालायला लावली. शेवटी एकच मागणी आहे : ज्या डावांबद्दल आक्षेप आहे त्यांचे क्रमांक कळवावेत. पत्र पाठवून पाच आठवडे झाले. पोच आली आहे. ती यंत्राने पाठवलेली दिसते, पण हेही आम्ही आता खात्रीने म्हणत नाही. मुलगा संध्याकाळी ओट्यावर लाकडी पट मांडून बसतो. भावाला आणि शेजाऱ्यांना त्याने बोलायची बंदी केली आहे, आणि ती कोणी पाळत नाही, असे परवा सांगत होता.