नाकेदार दारी आला तर



धान निसवू लागले की रानडुकरे बांधावर येतात. कुठे जनावर मेलेले सापडले की पाठोपाठ नाकेदारही येतो आणि पहिली चौकशी शेजारच्या शेतकऱ्याची होते. अशा वेळी कोणी घाबरून पळतो, तर कोणी कोऱ्या कागदावर अंगठा देतो. दोन्ही प्रकारांनी निर्दोष माणूसही अडकतो.

कायदा काय सांगतो ते पाहू. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ५० प्रमाणे वनअधिकाऱ्याला सबळ कारण असल्यास वॉरंटाशिवाय झडती घेता येते व अटक करता येते. म्हणून दार अडवू नका, हुज्जत घालू नका. पण तुमचेही हक्क आहेत :

१. आपले नाव व पत्ता खरा सांगा. मात्र आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. संविधानाचे कलम २० तसे सांगते.

२. झडतीच्या वेळी हजर राहा. गावातले दोन पंच बोलवा आणि जप्तीच्या यादीची प्रत मागा.

३. वाचून दाखविल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका. सहाय्यक वनसंरक्षक वा त्यावरील अधिकृत अधिकाऱ्याने आरोपीसमक्ष नोंदविलेला जबाब कोर्टात पुरावा म्हणून चालतो.

४. अटक झाल्यास कारण विचारा, घरी निरोप पाठवा, वकील मागा. संविधानाच्या कलम २२ प्रमाणे, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर नेलेच पाहिजे.

५. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातील विधिक सेवा प्राधिकरणात जा. आदिवासी, अनुसूचित जाती, स्त्रिया आणि अटकेतील माणसे यांना मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

प्रकरण मिटवायला कोणी पैसे मागितले तर देऊ नका. केवळ त्रास देण्यासाठी विनाकारण केलेली जप्ती हा कलम ५३ खाली त्या अधिकाऱ्याचाच गुन्हा आहे.

काही जण म्हणतात, ख्रिस्ती माणसाने सरकारपुढे मुकाट राहावे. मला ते पटत नाही. यरुशलेमेत फटके मारण्यासाठी बांधले तेव्हा संत पौलाने शताधिपतीला विचारले की, रोमी नागरिकाला चौकशीवाचून फटके मारणे कायद्याला धरून आहे काय? त्याने शिवी दिली नाही की हात उगारला नाही. फक्त आपला हक्क सांगितला. तेवढ्याने फटके मारणारे मागे सरले.

पण हक्क सांगणाऱ्याचे हात स्वच्छ हवेत. शेताभोवती विजेची तार सोडणे हे पीक राखणे नव्हे. त्या तारेवर रानडुकराआधी शेजाऱ्याचा बैल किंवा आपलेच लेकरू पडेल. अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचविताना ते मेले तर कायदा गुन्हा मानत नाही. पिकासाठी मात्र लेखी परवानगीवाचून रानडुक्कर मारता येत नाही. पिकाचे नुकसान झाले तर पाहणी करवून भरपाईचा अर्ज द्यावा.

खरे बोला, शांत राहा, आणि न वाचता काहीही लिहून देऊ नका. रविवारी मिस्सानंतर हे घरातल्या थोरामोठ्यांना वाचून दाखवा. विशेषतः ज्यांना वाचता येत नाही त्यांना.

तुमचा,
धर्मगुरू